गच्चीवरील वीज आणि निःपक्षपाती सल्ला

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी एक जुनी म्हण आपल्याकडे आहे. ह्या दोन्ही कार्यांत गृहस्थाचा पैसा तर खर्च होतोच. परंतु त्याहूनही अधिक खर्च होते ती त्याच्या मनाची स्वस्थता. ज्या व्यवहाराशी आयुष्यात एकदाच गाठ पडावयाची, त्यात अनुभव आधी मिळत नाही. आणि जो मिळतो तो काम उरकल्यावर, म्हणजे उपयोगाची वेळ टळून गेल्यावर मिळतो. अलीकडे शहरांतील सुशिक्षित कुटुंबांपुढे ह्याच जातीचा एक तिसरा व्यवहार येऊन उभा राहिला आहे. घराच्या गच्चीवर सूर्यप्रकाशापासून वीज उत्पन्न करणारा संच बसवावा की नाही, बसवावयाचा झाल्यास केवढा बसवावा, आणि ह्या सर्व बाबतीत विश्वास कोणाच्या शब्दावर ठेवावा, हे ते प्रश्न होत. ह्यांपैकी पहिले दोन प्रश्न हिशेबाचे आहेत व कोणत्याही मॅट्रिक झालेल्या मनुष्यास ते सोडविता येण्याजोगे आहेत. तिसरा मात्र माणसे पारखण्याचा आहे, आणि बहुतेकांची फसगत होते ती तेथेच.

हा विषय आजच एवढा निकडीचा का झाला, हे प्रथम पाहिले पाहिजे. २०२४ सालच्या फेब्रुवारी महिन्यात केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' सुरू केली. तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली आणि २०२६-२७ ह्या आर्थिक वर्षापर्यंत एक कोटी घरांवर सौर संच बसविण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. ह्या योजनेखाली घरगुती संचाच्या पहिल्या दोन किलोवॉटांस प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटास १८,००० रुपये असे अनुदान ठरले. म्हणजे तीन किलोवॉटांस एकंदर ७८,००० रुपये मिळतात. त्यापुढे संच कितीही मोठा केला तरी अनुदानात एका पैचीही वाढ होत नाही. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढील विवेचनात तिचे काम पडणार आहे.

जेथे सरकारी अनुदान आले तेथे विक्रेत्यांची वर्दळ आलीच. दारावर पत्रके येऊ लागली, दूरध्वनी खणखणू लागले, आणि नावातील 'मोफत' ह्या एका शब्दाने पुष्कळांच्या मनात असा समज उत्पन्न झाला की, जणू सरकारच आपल्या गच्चीवर येऊन सारे काही फुकट बसवून देणार आहे. वस्तुतः तसे काही नाही. संच ग्राहकाने आपल्या पैशाने, किंवा कर्ज काढून, विकत घ्यावयाचा असतो. तो बसून व तपासला जाऊन सुरू झाल्यावर अनुदान त्याच्या स्वतःच्या बँकेतील खात्यात जमा होते. ह्यापूर्वीही, २०१९ साली मंजूर झालेल्या छतावरील सौर कार्यक्रमाच्या दुसऱ्या टप्प्यात, काही विक्रेते आपण मंत्रालयाने नेमलेले अधिकृत पुरवठादार आहोत अशी बतावणी करीत असल्याचे आढळून आले, आणि मंत्रालयाने कोणासही तसे नेमलेले नाही, असा जाहीर इशारा सरकारला द्यावा लागला होता. अशा वातावरणात गृहस्थाने चार पावले सावकाश टाकणे हेच शहाणपणाचे होय.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. सौर संच विकणारे सर्वच लोक लबाड असतात, असे म्हणावयाचा मुळीच हेतू नाही. त्यांत होतकरू अभियंते आहेत, सचोटीने धंदा करणारे आहेत, व स्वतः केलेल्या कामाचा अभिमान बाळगणारेही आहेत. प्रश्न त्यांच्या नीतीचा नसून त्यांच्या जागेचा आहे. विक्रेत्याची मिळकत विक्रीवर अवलंबून असते. मोठा संच विकला तर अधिक मिळकत, लहान विकला तर कमी, आणि 'तुम्हांस संचाची गरज नाही' असे सांगितले तर काहीच नाही. अशा जागी बसलेल्या मनुष्यास, तो कितीही सज्जन असला तरी, निःपक्षपाती सल्ला देणे कठीण जाते. आपल्या वाडवडिलांना हे तत्त्व चांगले ठाऊक होते. एका सोनाराकडे घडविलेला दागिना ते दुसऱ्याच्या कसोटीवर लावून पाहत. विहिरीची जागा दाखविणारा पाणाड्या वेगळा आणि ती खणणारे वडार वेगळे असत. वैद्याने औषध लिहून द्यावे आणि ते दुसऱ्याच्या दुकानातून आणावे, ह्यातील मर्मही हेच आहे. सल्ला व विक्री ही दोन कामे एका हाती आली की, त्यांपैकी सल्ल्याचे काम हळूहळू विक्रीच्या चाकरीस लागते.

हे कसे घडते, ते एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एक निवृत्त गृहस्थ आहेत. घरात ते, त्यांची पत्नी, मुलगा, सून व एक नातू असा परिवार आहे. त्यांच्या घरी दरमहा सरासरी २५० युनिट, म्हणजे वर्षास ३,००० युनिट वीज लागते. महाराष्ट्रात एक किलोवॉटाचा चांगला संच वर्षाकाठी साधारणतः १,२०० ते १,४०० युनिट वीज देतो. साध्या भागाकाराने दिसून येईल की, ह्या कुटुंबास सव्वादोन ते अडीच किलोवॉट पुरेत. पुढील वाढ जमेस धरली तर तीन किलोवॉट म्हणजे डोक्यावरून पाणी. परंतु विक्रेता त्यांस पाच किलोवॉट घेण्याचा आग्रह करतो. 'पुढेमागे वातानुकूलन यंत्र घ्याल, विजेवर चालणारी गाडी घ्याल. उरलेली वीज सरकार विकत घेईल,' असे तो म्हणतो, व ते वरकरणी पटतेही.

आता हिशेब पाहू. चौथ्या व पाचव्या किलोवॉटास अनुदान नाही. त्यांचा सारा खर्च गृहस्थाच्या पदरचा. पाच किलोवॉटांचा संच वर्षास ६,००० ते ७,००० युनिट उत्पन्न करील, आणि घरास लागतील ३,०००. नेट मीटरिंगच्या पद्धतीत गच्चीवरून बाहेर गेलेल्या युनिटांची बाहेरून घेतलेल्या युनिटांशी वजावट होते, व महिन्याची शिल्लक पुढील महिन्यात ओढली जाते, हे खरे. तथापि आर्थिक वर्षाच्या अखेरीस जी शिल्लक उरते, तिचा मोबदला वीज नियामक आयोगाने ठरविलेल्या, घरगुती दराहून पुष्कळ कमी असलेल्या दराने मिळतो. म्हणजे ह्या गृहस्थांनी निवृत्तीच्या पुंजीतून दोन किलोवॉटांचे पैसे भरले ते, ज्या विजेस भाव नाही अशी वीज पिकविण्यासाठी! विक्रेत्याने एकही शब्द खोटा उच्चारलेला नाही. जेवढे त्याच्या सोयीचे तेवढेच त्याने सांगितले, इतकेच.

पैसे किती वर्षांत वसूल होतील, ह्या हिशेबातही हीच खुबी असते. समजा, तीन किलोवॉटांच्या संचाची किंमत १,९५,००० रुपये सांगितली. अनुदान वजा जाता गृहस्थाच्या खिशातून १,१७,००० रुपये गेले. विक्रेता ४,००० युनिट धरतो, त्यास बिलातील सर्वांत वरच्या टप्प्याच्या १२ रुपये दराने गुणतो, आणि वर्षास ४८,००० रुपये वाचतील, अडीच वर्षांच्या आत पैसे फिटतील, असे सांगतो. परंतु घरात लागणारे युनिट ३,००० च आहेत. आणि त्यांतील काही खालच्या, स्वस्त टप्प्यातील असल्यामुळे वाचलेल्या युनिटाचा सरासरी दर समजा ९ रुपये पडतो. तेव्हा खरी बचत वर्षास २७,००० रुपये, आणि पैसे फिटण्यास लागतात चार वर्षांहून थोडे अधिक. संच बसविल्यावरही बिलातील स्थिर आकार भरावा लागतोच, हेही विसरता कामा नये. चार-सव्वाचार वर्षे हा हिशेब काही वाईट नाही. पंचवीस वर्षे टिकणाऱ्या वस्तूच्या मानाने तो उत्तमच म्हटला पाहिजे. म्हणूनच खेद वाटतो. जी वस्तू खऱ्या हिशेबावरही घेण्यासारखी आहे, ती खोट्या आशेवर विकली जाते, आणि मग आशाभंग झालेला गृहस्थ शेजाऱ्यापाजाऱ्यांस त्या वस्तूविषयीच वाईट सांगत सुटतो. उलट, ज्या घराचा वापर महिन्यास शंभर युनिटांच्या आतच आहे, त्याची वीज मुळातच सर्वांत स्वस्त टप्प्यातील असल्यामुळे त्यास पैसे वसूल होण्यास कितीतरी अधिक काळ लागेल. अशा घरास थांबण्याचा सल्लाही देता आला पाहिजे.

तेव्हा निःपक्षपाती सल्ल्याची पहिली पायरी स्वतःच्या घरातच आहे, आणि ती म्हणजे विजेचे बिल. मागील बारा महिन्यांचा वापर बिलांवरून एका कागदावर मांडावा. उन्हाळ्यात किती, पावसाळ्यात किती, कोणत्या टप्प्यात किती युनिट पडतात व मंजूर भार किती आहे, हे लिहून काढावे. घरातील शाळकरी मुलास हे काम सांगितले तर त्याचा अंकगणिताचा अभ्यास होईल व वडीलधाऱ्यांचेही काम होईल. विक्रेत्याची भेट होण्यापूर्वी हा कागद तयार असला पाहिजे. कारण ज्याच्या हाती स्वतःचा आकडा असतो, त्याला दुसऱ्याचा आकडा तपासता येतो.

दुसरी पायरी सूर्यप्रकाशाची. आपल्या गावी वर्षभरात किती ऊन पडते, हे विक्रेत्याच्या तोंडून ऐकण्याचे कारण नाही. जागतिक बँकेने 'ग्लोबल सोलर ॲटलास' ह्या नावाचा नकाशा सर्वांस विनामूल्य खुला केला आहे. आपले ठिकाण दाखविले की तेथे एका किलोवॉटामागे वर्षास किती युनिट मिळतील, ह्याचा अंदाज तो देतो. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने तयार केलेल्या 'पीव्हीजीआयएस' ह्या साधनानेही हिंदुस्थानातील ठिकाणांचा तसाच अंदाज मिळतो. ह्या दोघांनाही आपल्या गच्चीवर काही विकावयाचे नाही, हा त्यांचा मोठा गुण. दरपत्रकातील आकडा ह्या अंदाजाहून पाचपन्नास युनिटांनी वेगळा असल्यास बिघडत नाही. परंतु तो दीडपट असेल तर दरपत्रक देणाऱ्यास त्याचे कारण विचारावे.

मात्र नकाशास आपल्या गच्चीवरील पाण्याची टाकी दिसत नाही. जिन्याची खोली, कठडा, शेजारचा माड, समोर उठू घातलेला नवा मजला, ह्यांच्या सावल्या कोठे व किती वेळ पडतात, हे प्रत्यक्ष पाहिले पाहिजे. पुष्कळ पॅनेले एकापुढे एक जोडून त्यांची माळ केलेली असते. अशा माळेतील एका पॅनेलवर सावली पडली तरी साऱ्या माळेचे उत्पन्न खाली येऊ शकते, ज्याप्रमाणे नळी एके ठिकाणी दाबली तर पुढील सारे पाणी मंदावते त्याप्रमाणे. म्हणून सकाळी नऊ, दुपारी बारा व तीन ह्या वेळी गच्चीवर जाऊन खडूने सावल्यांच्या कडा आखाव्यात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो व सावल्या लांब पडतात. तेव्हा डिसेंबरातील पाहणी अधिक खरी. एका किलोवॉटास साधारणतः शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते, हेही त्याच वेळी मोजून घ्यावे.

गच्चीचा विचार करताना वाऱ्याचाही विचार केला पाहिजे. पॅनेलांच्या वजनाची धास्ती लोकांस फार वाटते. पण किनाऱ्याजवळ खरे भय असते ते वारा शिरून सांगाडा उचलला जाण्याचे. वाऱ्याच्या दाबाविषयीच्या भारतीय मानकात मुंबईसाठी सेकंदास ४४ मीटर व पुण्यासाठी ३९ मीटर असा मूळ वेग धरलेला आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन व अलिबाग भागांतील घरांचे पत्रे कसे उडाले, हे तेथील लोक अद्यापि विसरलेले नाहीत. तेव्हा सांगाड्याचे लोखंड जस्ताचा मुलामा दिलेले आहे काय, तो गच्चीस कसा जखडणार, आणि त्यासाठी भोके पाडल्याने गच्ची गळू लागली तर दुरुस्ती कोण करणार, ह्यांची उत्तरे लेखी घ्यावीत. जुन्या इमारतीच्या बाबतीत बांधकामाच्या अभियंत्यास एकवार गच्ची दाखविणे श्रेयस्कर.

आणखी एक गोष्ट अशी आहे की, ती बहुधा कोणी आपण होऊन सांगत नाही. बाहेरच्या तारांशी जोडलेला साधा सौर संच, वीज गेली असता, भर दुपारी लख्ख ऊन असूनही बंद पडतो. हा दोष नसून ती सुरक्षिततेची योजना आहे. खांबावर दुरुस्तीस चढलेल्या कामगारास गच्चीवरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून इन्व्हर्टर स्वतःस तोडून घेतो. वीज गेल्यावरही दिवे-पंखे चालावेत अशी इच्छा असेल तर बॅटरीची जोड असलेला वेगळ्या प्रकारचा संच लागतो. त्यास खर्च अधिक येतो, आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. 'वीज गेल्यावर काय होईल?' हा एक प्रश्न विचारून पाहावा. जो ह्याचे सरळ उत्तर देतो त्याच्या बाकीच्या बोलण्यावर थोडा अधिक विश्वास ठेवावयास हरकत नाही.

आता मुख्य प्रश्न. एवढा अभ्यास करूनही ज्यांस कोणा जाणत्याचा आधार हवा, त्यांनी तो कोठे शोधावा? ह्या बाबतीत जर्मनीचे उदाहरण मननीय आहे. तेथे प्रत्येक राज्यात ग्राहकांची सल्लाकेंद्रे आहेत, आणि सरकारी साहाय्याच्या बळावर ती घरातील उष्णता, वीज व सौर संच ह्यांविषयी अल्प शुल्कात सल्ला देतात. सल्लागार स्वतः काही विकत नाही, व कोणत्या कंपनीकडून घ्या असेही सांगत नाही. तो फक्त घर पाहतो, दरपत्रके वाचतो, व त्यांत काय उणे आहे ते दाखवितो. आपल्याकडे घरोघर जाणारी अशी व्यवस्था उभी राहिलेली नाही. म्हणून गृहस्थाने ती स्वतःपुरती निरनिराळ्या ठिकाणांहून जमविली पाहिजे.

त्यांतील पहिले ठिकाण सार्वजनिक कागदपत्रांचे. योजनेचे नियम व नोंदणी झालेल्या पुरवठादारांची यादी सरकारने प्रसिद्ध केलेली आहे. केंद्रीय मंत्रालयाने मान्य केलेल्या पॅनेलांच्या उत्पादकांची व नमुन्यांची यादीही सर्वांस पाहता येते. अनुदान हवे असल्यास पॅनेले देशात तयार झालेल्या घटकांची असावी लागतात. विजेचे दर व नेट मीटरिंगचे नियम महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या आदेशांत सापडतात. हे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून निर्णयाच्या दिवशी लागू असलेला आदेशच पाहावा. गेल्या वर्षीचे ऐकीव ज्ञान कामास येत नाही. पुण्यातील 'प्रयास' ही संस्था गेली कित्येक वर्षे वीजदर व वीजधोरण ह्यांचा स्वतंत्रपणे अभ्यास करीत आहे. घरोघर सल्ला देणे हे तिचे काम नव्हे. परंतु विजेचे दर कसे ठरतात व कोठे चालले आहेत, हे समजून घेण्यास तिचे लेखन उपयोगी पडते.

दुसरे ठिकाण शेजाऱ्याचे, पण त्यातही निवड हवी. ज्याने गेल्या महिन्यात संच बसविला आहे तो नव्या जावयाप्रमाणे कौतुकातच असतो. त्याच्या मतास फारसा अर्थ नाही. ज्याने निदान एक पावसाळा व एक उन्हाळा पाहिला आहे, ज्याचा इन्व्हर्टर एकदा बिघडला आहे आणि दुरुस्तीस मनुष्य किती दिवसांनी आला हे ज्यास ठाऊक आहे, त्याच्याकडे जावे. त्यास मत विचारू नये, बिले दाखविण्याची विनंती करावी. बसविण्यापूर्वीची बारा व नंतरची बारा. विक्रेत्याने निवडून दिलेल्या ग्राहकांखेरीज आणखी दोघांची भेट घ्यावी. शेजाऱ्यास नवा ग्राहक आणून दिल्याबद्दल काही बक्षीस मिळते काय, हेही हसत हसत विचारून घ्यावे.

तिसरे ठिकाण म्हणजे पैसे देऊन नेमलेला अभियंता. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची परीक्षा उत्तीर्ण झालेले प्रमाणित ऊर्जा परीक्षक आहेत. विजेच्या कामातील अनुभवी, निवृत्त अभियंतेही प्रत्येक शहरात आहेत. अशा मनुष्यास त्याच्या वेळेचे पैसे देऊन गच्ची दाखवावी व हाती आलेली तीन दरपत्रके वाचून घ्यावीत. येथेच बहुतेक सुशिक्षित घरांचा हात आखडतो. दोन लाखांच्या वस्तूसाठी दोनचार हजार सल्ल्याचे कशास द्यावयाचे, असे वाटते. परंतु जो सल्ला फुकट मिळतो त्याचे पैसे कोणी तरी दिलेलेच असतात. आणि ज्याने पैसे दिले, सल्ला त्याचा असतो. गृहस्थाने ते स्वतः दिले की सल्लागार गृहस्थाचा झाला. वर सांगितलेल्या उदाहरणातील दोन अनावश्यक किलोवॉट टळले, तर अशा सल्ल्याची फी कितीतरी पटींनी भरून येते.

अर्थात पैसे घेणारा प्रत्येक सल्लागार स्वतंत्र असतोच असे नाही. त्यास आरंभीच तीन गोष्टी विचाराव्यात. पुरवठादाराकडून त्यास दलाली मिळते काय? मिळत नाही, असे तो लिहून देईल काय? आणि गेल्या वर्षात त्याने किती जणांस संच घेऊ नका, किंवा लहान घ्या, असे सांगितले? ह्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'एकासही नाही' असे आले, तर त्याच्याकडून दुसऱ्या कोणत्याही गोष्टीची चौकशी करण्याचे प्रयोजन उरत नाही.

चौथे ठिकाण ग्राहकसंघटनांचे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी ह्यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली व पुढील वर्षी मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. सौर संचाचे तांत्रिक ज्ञान तेथे मिळेलच असे नाही. पण करार कसा वाचावा, जाहिरातीतील कोणते वचन पुराव्यादाखल जपून ठेवावे, हे शिकविण्याचा वारसा ह्या संस्थांजवळ आहे. वस्त्यावस्त्यांतील वाचनालयांनी, ज्येष्ठ नागरिक संघांनी व गृहनिर्माण संस्थांनी वर्षातून एकदा अशा संघटनेचा कार्यकर्ता व एखादा निवृत्त अभियंता बोलावून सामुदायिक सल्लासभा भरविली, तर एकेका घरास जे परवडत नाही ते दहा घरांस मिळून सहज परवडेल.

सल्ला झाला, निवड झाली, की पुढची पायरी कराराची. योजनेच्या नियमांप्रमाणे संच बसविणाऱ्याने पाच वर्षे देखभाल करावयाची असते, आणि ग्राहक व पुरवठादार ह्यांच्यातील कराराचा नमुनाही उपलब्ध आहे. तोच पायाभूत धरावा. पॅनेलांच्या बाबतीत दोन निरनिराळ्या हमी असतात, हे ओळखावे. पंचवीस वर्षांची जी हमी जाहिरातीत झळकते ती उत्पन्न अमुक टक्क्यांच्या खाली जाणार नाही एवढीच असते. वस्तू सदोष निघाल्यास बदलून देण्याची हमी त्याहून पुष्कळ कमी वर्षांची असते, आणि इन्व्हर्टरची तर आणखी निराळी. ही तिन्ही मुदती दरपत्रकात वेगवेगळ्या लिहिलेल्या असाव्यात. पॅनेल व इन्व्हर्टर ह्यांच्या उत्पादकांची नावे, नमुने व अनुक्रमांक, अर्थिंग व वीजवाहक ह्यांची तरतूद, आणि वर्षास अपेक्षित युनिट, ह्यांचाही उल्लेख हवा. सारे पैसे आगाऊ कधीही देऊ नयेत. शेवटचा हप्ता नेट मीटर बसून पहिली नोंद दिसू लागल्यावर द्यावा.

काही ठिकाणी ग्राहकाच्या अज्ञानाचा लाभ घेऊन निरनिराळ्या नावांखाली जादा पैसे मागितले जातात. ह्या बाबतीत केंद्र सरकारने २०२४ साली ग्राहकहक्कांच्या नियमांत केलेल्या दुरुस्त्या ठाऊक असाव्यात. दहा किलोवॉटपर्यंतच्या संचास आता तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची अट राहिलेली नाही. आणि पाच किलोवॉटपर्यंतच्या संचासाठी वितरणाची यंत्रणा बळकट करावी लागल्यास तो खर्च वीज कंपनीने सोसावयाचा आहे. तेव्हा 'रोहित्राची क्षमता वाढवावी लागेल, त्याचे इतके पडतील,' असे तीन किलोवॉटांच्या ग्राहकास कोणी सांगू लागला, तर त्याने नियमाकडे बोट दाखवावे.

इतकी दक्षता घेऊनही तंटा उद्भवलाच, तर दाद मागण्याच्या जागा दोन आहेत, आणि त्यांची गल्लत करू नये. मीटर, जोडणी व बिल ह्यांविषयीची तक्रार वीज कंपनीविरुद्ध असते; ती २००३ च्या वीज कायद्याखालील ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे न्यावी, व तेथे समाधान न झाल्यास विद्युत लोकपालाकडे. संच सदोष निघाला किंवा दिलेले वचन पाळले नाही, ही तक्रार पुरवठादाराविरुद्ध असते. तिच्यासाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालील जिल्हा आयोग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास तेथे शुल्क पडत नाही, आणि बहुतेक घरगुती संच ह्या मर्यादेच्या आतच असतात. प्रथम राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राच्या १९१५ ह्या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. परंतु ह्या सर्व ठिकाणी एकच गोष्ट उपयोगी पडते, ती म्हणजे कागद. तोंडी वचनास तेथे साक्षीदार नसतो.

सदनिकांत राहणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न थोडा निराळा आहे. गच्ची एकाची नसून संस्थेची असते. तेव्हा सर्वसाधारण सभेच्या ठरावावाचून पाऊल टाकता येत नाही. जिन्यातील दिवे, उद्वाहक व पाण्याचे पंप ह्या सामाईक विजेसाठी संस्थेने संच बसविल्यास किलोवॉटामागे १८,००० रुपये अनुदानाची सोय योजनेत आहे. येथे एक धोका संभवतो. चिटणिसांच्या ओळखीचा एखादा पुरवठादार पुढे येतो, आणि सभेतील सभासद संकोचाने गप्प बसतात. अशा वेळी बाहेरच्या अभियंत्याचे लेखी मत मागविणे हा चिटणिसांवरील अविश्वास नसून, उद्या त्यांच्यावर बोट उगारले जाऊ नये म्हणून केलेली ती तजवीजच होय.

ह्या साऱ्याचा इत्यर्थ हा की, निःपक्षपाती सल्ला एखाद्या थोर मनुष्याच्या मुखातून आयता मिळत नाही. स्वतःचे बिल, सार्वजनिक नोंदी, अनुभवी शेजारी व ज्याची फी आपण दिली आहे असा जाणकार, ही चार मते जुळली म्हणजे त्यास सल्ला म्हणावे. ती जुळत नसतील तर थांबावे. सूर्य काही पळून जात नाही. 'आजच सही करा, उद्या अनुदान संपेल,' असे सांगणाऱ्याची घाई ही त्याची असते. घराच्या वडीलधाऱ्याने आठ दिवस मागून घ्यावेत, आणि त्या आठ दिवसांत गच्चीवर खडूने आखलेल्या सावल्या एकवार पुन्हा पाहून याव्यात. पंचवीस वर्षे जी वस्तू डोक्यावर राहावयाची आहे, तिच्यासाठी आठ दिवस फार नव्हेत.